२ डिसेंबरच्या परिपाठात भोपाळचं नाव घ्यायचं की नाही?

अवंती_डों
२३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. शाळेपासून एमआयडीसी चालत वीस मिनिटांवर आहे. दरवर्षी २ डिसेंबरला आमच्याकडे ‘राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन’ असतो. चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं, झाडाची कुंडी हातात घेऊन एक फोटो, आणि परिपाठात पाच मिनिटं माहिती. यंदा ती माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी पहिलंच वाक्य लिहिलं, ‘२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसं मेली, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आहे.’ कागद परत आला. मुलं लहान आहेत, सकाळी सकाळी मृत्यूचा विषय नको, प्लास्टिक आणि फटाक्यांवर लिहा, असं सांगण्यात आलं. सांगणारी व्यक्ती मुलांच्या भल्यासाठीच म्हणत होती, त्यामुळे मला लगेच वादही घालता आला नाही.

पण हा दिवस ज्यांच्यासाठी आहे त्यांचं नावच घ्यायचं नाही, हे मनाला पटत नाही. सहावीच्या मुलांना हे सांगावं का? सांगायचं तर किती आणि कसं? आणि चित्रकला स्पर्धेपलीकडे हा दिवस पाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं? भोपाळचं कोणी इथे असेल तर जरूर लिहा.

मिलिंद_हडपसर
२३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बाई, आमच्या कंपनीत दरवर्षी २ डिसेंबरला उभं राहून शपथ घेतो. अकरा वर्षं घेतोय. हा दिवस भोपाळमुळे आहे हे आज तुमच्या धाग्यावर कळलं.

गोधडी
२३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

माझं मत वेगळं आहे आणि ते अनुभवातून आलंय. माझ्या मुलीला पाचवीत असताना कोणीतरी भोपाळचा तो फोटो दाखवला, मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाचा, डोळे उघडे असलेला. पंधरा दिवस ती माझ्या कुशीत झोपायची. रात्री उठून गॅसचा कॉक बंद आहे का ते बघायची. तिला गॅस म्हणजे सिलेंडरचा गॅस एवढंच माहीत होतं.

भोपाळ विसरावं असं मी म्हणत नाही. पण अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात भीती दिली आणि त्या भीतीचं करायचं काय ते दिलं नाही, तर तो मुलावर अन्याय आहे. तुमच्या वरिष्ठांचं मला अगदीच चुकीचं वाटत नाही.

रसायनीकर
२४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

गोधडीताईंचं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. या धाग्याचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

मी रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात बत्तीस वर्षं प्रोसेस इंजिनियर होतो. १९८४ साली नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. त्या डिसेंबरनंतर आमच्या पिढीच्या इंजिनियरांनी हे प्रकरण पाठ केलं.

कारखाना युनियन कार्बाइडचा, ‘सेविन’ हे कीटकनाशक बनवणारा. त्यासाठी लागणारं मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, जमिनीखालच्या टाक्यांत साठवलेलं. त्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन. तिच्यात पाणी शिरलं. ते कसं शिरलं यावर कंपनीची बाजू वेगळी आणि तपास करणाऱ्यांची वेगळी. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पाणी शिरल्यावर संकट अडवायला जे जे बसवलेलं होतं, त्यातलं काहीही कामाला आलं नाही. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन काही महिन्यांपूर्वीच बंद केलेलं. निसटलेला वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुणारा स्क्रबर सज्ज नव्हता. वायू जाळणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइपाचा तुकडा काढून ठेवलेला. पाण्याचे फवारे होते, पण वायू सुटत होता त्या उंचीपर्यंत ते पोचत नव्हते.

आता भोंगा. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. पुन्हा सुरू झाला तोवर लोक डोळे चोळत रस्त्यावर आलेले होते. एमआयसीची वाफ हवेपेक्षा जड असते. थंडीची रात्र, वारा जेमतेम, ढग जमिनीला धरून वस्तीत शिरला. लोक पळाले, पळताना जोरात श्वास घेतला आणि जास्त वायू आत गेला. कित्येक जण वाऱ्याच्या दिशेनेच, म्हणजे ढगाबरोबरच पळाले.

एमआयसीची पाण्याशी रासायनिक क्रिया होते. ओलं फडकं नाकातोंडावर घट्ट धरलं असतं, दारं-खिडक्या लावून फटींत ओले कपडे कोंबले असते, किंवा वाऱ्याला आडवं चालत निघाले असते, तर पुष्कळ जण वाचले असते. ही माहिती त्या वस्तीत आधी कोणी दिलेली नव्हती. माणसं वायूने मेली तशीच अज्ञानानेही मेली, आणि ते अज्ञान त्यांच्यावर लादलेलं होतं.

मुलांना हे सांगा. फोटो नको. ओला रुमाल सांगा.

तेजू
२४ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

काका, ओला रुमाल सगळ्याच वायूंना चालतो का?

रसायनीकर
२४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. पाण्यात विरघळणाऱ्या वायूंना, म्हणजे क्लोरीन, अमोनिया यांना काही अंशी आणि थोडा वेळ. कार्बन मोनॉक्साइडला अजिबात नाही. ओला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. तो तुम्हाला त्या जागेपासून दूर जायला चार मिनिटं देतो. पण चार मिनिटं पुष्कळ असतात.

पिपलानीकर
२४ नोव्हेंबर, दुपारी २:२०

अवंतीताई, भोपाळचं कोणी आहे का विचारलंत म्हणून लिहिते. मी भोपाळचीच, अजून इथेच राहते. बाबा ‘भेल’ या सरकारी वीजयंत्रांच्या कारखान्यात होते, आम्ही पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तेव्हा मी नऊ वर्षांची.

आधी एक सांगते. बाहेरच्यांना वाटतं अख्खं भोपाळ मेलं. तसं नव्हतं. कारखान्याला लागून जेपी नगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड, मग स्टेशन, जुनं शहर, या भागांवर ते आलं. आम्ही भेलवाले त्या रात्री झोपलेलो होतो. रविवारची रात्र होती. मला आयुष्यभर याचंच ओझं वाटत आलंय, की आम्ही गाढ झोपलो होतो.

सोमवारी सकाळी दूध आलं नाही. माझी भोपाळची पहिली आठवण ही आहे. आमच्याकडे छोल्याहून एक काका सायकलवर दूध घेऊन यायचे. पाऊस असो, थंडी असो, साडेसहाला घंटी वाजायचीच. त्या दिवशी आईने पातेलं धुऊन ओट्यावर ठेवलं आणि ते दिवसभर तसंच राहिलं. मग बाबा बाहेरून आले आणि आईला स्वयंपाकघरात नेऊन काहीतरी बोलले. आई खाली बसली.

काका दहा दिवसांनी आले. दूध घेऊन नाही, नुसते आले. डोळे लालभडक, दोन शब्द बोलले की धाप. म्हशी गोठ्यात दाव्याला बांधलेल्या तशाच मेल्या होत्या. घरातली माणसं किती गेली ते त्यांनी आईला बोटांवर सांगितलं, कारण आवाज फुटत नव्हता. मी दाराआडून ती बोटं मोजली होती. किती ते इथे लिहीत नाही.

मग १६ डिसेंबर आला. उरलेलं एमआयसी वापरून संपवायला कारखाना पुन्हा चालवणार असं जाहीर झालं. ‘ऑपरेशन फेथ’ नाव दिलं होतं. सरकार सांगत होतं की धोका नाही, पण लाखो लोक शहर सोडून निघाले. आम्हीही नागपूरला आजीकडे गेलो. स्टेशनवर एवढी गर्दी, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

रसायनीकर काका, तुमचं ओल्या रुमालाचं वाचून मला हे आठवलं. त्या १६ तारखेला कारखान्याच्या कुंपणाभोवती कापडाचे पडदे बांधून ते ओले ठेवले होते, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडलं होतं. म्हणजे पाणी उपयोगी पडतं हे माहीत होतं. फक्त २ तारखेच्या रात्री छोल्यातल्या माणसाला ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

मुलांना नक्की सांगा, ताई. नाव घेऊन सांगा.

गोधडी
२४ नोव्हेंबर, दुपारी ३:०१

पिपलानीकर, त्या पातेल्याने गलबलून आलं. माझ्या पहिल्या प्रतिसादातली भीतीची बाजू मला अजून खरी वाटते, पण हे सहावीतल्या मुलाला सांगता येईल. दूध आलं नाही एवढंच सांगायचं. मूल बाकीचं स्वतः समजून घेईल.

स्पष्टवक्ता
२४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

कोणाला दुखवायचं नाही, पण मला दिवस पाळण्याचाच राग येतो. न्याय कुठे आहे? १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक जखमींच्या हातात सुरुवातीला २५,००० रुपये पडले. युनियन कार्बाइडचा अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला अटक होऊन त्याच दिवशी सुटला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत म्हातारपणाने वारला. २०१० च्या जूनमध्ये भोपाळच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली, लगेच जामीनही झाला. जास्त भरपाईसाठी केलेली क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे निकालाविरुद्धचा शेवटचा उपाय, सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. हे सगळं असताना दोन मिनिटं शांत उभं राहायचं म्हणजे काय? शांत तर सगळेच आहेत.

पिपलानीकर
२४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

स्पष्टवक्ता दादा, राग अगदी खरा आहे. पण इथे कोणी शांत नाहीये हो. ३ डिसेंबरला भोपाळमध्ये सुट्टी असते आणि सरकारी सर्वधर्म प्रार्थनासभा असते, ती एक बाजू. दुसरी बाजू २ च्या संध्याकाळी मशाली घेऊन निघते. अब्दुल जब्बार भाईंनी गॅसपीडित बायकांना घेऊन संघटना उभी केली आणि यादगार-ए-शाहजहानी पार्कमध्ये वर्षानुवर्षं दर शनिवारी सभा घेतली. ते २०१९ मध्ये गेले. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला दोघीही गॅसपीडित. त्यांना २००४ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. यातल्या कितीतरी बायका त्याआधी एकट्या घराबाहेरही पडल्या नव्हत्या, आणि त्या दिल्लीपर्यंत पायी गेल्या.

या सगळ्यांसाठी आठवण ठेवणं आणि भांडणं ही दोन कामं नाहीत. आठवण पुसली गेली तर कोर्टात उभं राहायला पाय कुठे ठेवायचा?

स्पष्टवक्ता
२४ नोव्हेंबर, रात्री ९:४४

हे मला माहीत नव्हतं. रशीदा बींबद्दल वाचतो.

भायखळ्याची_नात
२५ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

थोडं वेगळ्या गल्लीतून येते. माझे आजोबा मुंबई अग्निशमन दलात होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. आग विझवायला गेलेले दलाचे ६६ जण गेले. म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, आणि पुढे आठवडाभर अग्निशमन सप्ताह.

त्या दिवसाच्या नावातही ना गोदी आहे ना जहाज. तरी दलात नवा भरती झालेला पोरगासुद्धा ते जहाज जाणतो, कारण दरवर्षी भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात मानवंदना होते आणि मग आठवडाभर जवान शाळांत, इमारतींत जाऊन सिलेंडरची आग कशी विझवायची ते हातात देऊन शिकवतात. आजोबा घरी आम्हाला जमिनीवर लोळून दाखवायचे, कपड्यांना आग लागली तर काय करायचं ते. ऐंशीव्या वर्षापर्यंत लोळले. आजी ओरडायची, आधी कंबर सांभाळा.

तेव्हा नावाच्या वादात मला फार रस नाही. आठवण आणि शिकवण एकत्र बांधलेली हवी. २ डिसेंबरला शिकवण म्हणून पोस्टर उरलं आणि आठवण गळाली, हे दुखणं आहे.

सदाशिव_सुत
२५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

पूर्ण अनुमोदन. आमच्या पुण्यात १२ जुलै १९६१ चं पानशेत. कुठलाही राष्ट्रीय दिवस नाही, पण नदीकाठच्या पेठांतल्या जुन्या घरांत जा, आजी भिंतीकडे हात करून सांगणार, पाणी इथवर आलं होतं. आमच्याकडे ती खूण भिंत रंगवताना सोडून रंगवायचे.

तेजू
२५ नोव्हेंबर, दुपारी १२:३४

धागा डोंबिवलीहून निघून भोपाळमार्गे पुण्यात पोचला. अपेक्षेपेक्षा एक दिवस उशीरच झाला म्हणायचं :)

दूरदेशी
२५ नोव्हेंबर, रात्री ११:५०

मी सहा वर्षं अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्सटनजवळ होतो. तिथे इन्स्टिट्यूट नावाच्या गावात युनियन कार्बाइडचाच दुसरा कारखाना होता आणि तिथेही एमआयसी बनायचं. भोपाळनंतर आठ महिन्यांनी, ऑगस्ट १९८५ मध्ये, तिथे दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली आणि शंभरावर माणसं रुग्णालयात गेली. १९८६ मध्ये त्यांनी कायदाच केला, की शेजारच्या कारखान्यात काय आणि किती साठवलंय हे जाणून घेण्याचा रहिवाशांना हक्क आहे. त्या कायद्याचं मूळ भोपाळमध्ये आहे हे तिथले लोक मोकळेपणाने सांगतात.

माझा मुलगा तिथे तिसरीत होता. शाळेत सराव व्हायचा. घंटा झाली की सगळ्यांनी आत, दारं-खिडक्या बंद, पंखे-एसी बंद, फटींना टेप. आठ वर्षांची पोरं हसत-खेळत करायची. घाबरलेलं मी एकही मूल पाहिलं नाही. गोधडीताई, तुम्ही म्हणता तेच, भीतीचं करायचं काय ते हातात दिलेलं होतं.

अ‍ॅड_मृणाल
२६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

दूरदेशी, आपल्याकडेही कायदा आहे, आणि तोही भोपाळमधूनच आला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन ४१-ब कलम आलं. धोकादायक कारखान्याने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला धोक्याची माहिती द्यायलाच हवी. १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठीही आपत्कालीन आराखडा लागतो.

म्हणजे अवंतीताईंच्या शाळेला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आमच्या शेजारी काय आहे? भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय? कुठे जायचं? हा हक्क त्या मेलेल्या माणसांनी आपल्याला मिळवून दिलाय. तो वापरणं हीसुद्धा श्रद्धांजलीच.

नांदिवलीकर
२६ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

डोंबिवलीकर म्हणून लिहितोच. मे २०१६ चा स्फोट आणि मे २०२४ चा स्फोट, दोन्ही वेळा मी इथेच. २०२४ ला दुपारी घरात जेवत होतो. खिडकीची काच ताटात. लोक गच्चीवर जाऊन धुराचे व्हिडिओ काढत होते आणि मीसुद्धा त्यात होतो. धूर कसला, वारा कुठला, आत थांबायचं की बाहेर जायचं, इमारतीतल्या साठ घरांत एकालाही माहीत नव्हतं. २०१४ चा हिरवा पाऊसही पाहिलाय आम्ही, तेव्हाही असेच बघत उभे राहिलो.

बाई, तुमच्या शाळेत जे कराल ते आमच्या सोसायटीत येऊन कराल का? मनापासून विचारतोय.

महूचा_मराठा
२६ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

वर कोणी म्हटलं की भोपाळचं नाव घ्यायलाच हवं. मला ‘प्रदूषण’ हा शब्दही तितकाच हवा वाटतो. लोकांना वाटतं एका रात्रीत झालं आणि संपलं. कारखान्याचा कचरा तिथेच पडून राहिला, आसपासच्या वस्त्यांचं पाणी बिघडलं. वायू ज्यांनी पाहिलाही नाही अशा पोरांनी ते पाणी प्यायलं. तो कचरा, ३३७ टन, २०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री बारा कंटेनरांत भरून पोलिसांच्या पहाऱ्यात इंदूरजवळच्या आमच्या पिथमपूरला आणला. चाळीस वर्षांनी! लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण तापलं, आणि शेवटी जूनअखेर तो जाळून संपवला.

मी पिथमपूरच्या एका कारखान्यात काम करतो. त्या जानेवारीत घरी आई एकच वाक्य म्हणायची, ‘भोपाळ आपल्या दारात आलं.’ तिला कोणी नीट समजावून सांगितलेलं नव्हतं. पुन्हा तेच, माहिती नाही. तेव्हा ‘प्रदूषण नियंत्रण’ हे नाव चुकीचं नाही, अर्धं आहे.

पिपलानीकर
२६ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

महूचा मराठा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आमचा कचरा तुमच्या दारात गेला याचं आम्हालाही बरं वाटलं नव्हतं.

अवंती_डों
२७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

सगळे प्रतिसाद छापून घेतले आणि वरिष्ठांना वाचायला दिले. आज त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, ‘भोपाळ घ्या, पण मजकूर मला आधी दाखवा, आणि रुमालाचा सराव मी स्वतः उभी राहून बघेन.’ त्यांनाही पिपलानीकरांचं पातेलं लागलं असावं, कारण तो कागद त्यांनी परत दिला नाही.

आता अडलंय आकड्यावर. किती माणसं गेली म्हणून सांगू? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा आहे.

अ‍ॅड_मृणाल
२७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आकड्यांचाच लढा आहे तो. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९. पुढे मध्य प्रदेश सरकारचा ३,७८७. मृत्यूची भरपाई ५,२९५ जणांची. पीडितांच्या संघटना पंधरा ते पंचवीस हजार सांगतात. जखमी साडेपाच लाखांवर. मुलांना ‘हजारो’ म्हणा.

सदाशिव_सुत
२७ नोव्हेंबर, रात्री १०:५५

‘हजारो’ने मुलांच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. शाळेत किती मुलं आहेत? त्या हिशेबात सांगा.

गोधडी
२७ नोव्हेंबर, रात्री ११:०२

नको नको! शेजारी बसलेली मुलं मेली अशी कल्पना करायला लावू नका. आकडा नकोच. दूधवाले काका सांगा.

रसायनीकर
२७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

दोन्ही घ्या. ‘हजारो माणसं, आणि त्यातली काही अमुक घरातली.’ मी मजकूर लिहून बघतो, सुधारा.

‘१९८४ साली आजच्या रात्री भोपाळ शहरात एका कारखान्यातून विषारी वायू सुटला. लोक झोपेत होते. हजारो माणसं मरण पावली, लाखो आजारी पडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरात सकाळी दूध आलं नाही, कारण दूध आणणाऱ्या काकांच्या घरावरून तो वायू गेला होता. तिथल्या लोकांना कारखान्यात काय आहे हे सांगितलेलं नव्हतं. काय करायचं हेही सांगितलेलं नव्हतं. आज आपण ते शिकणार आहोत. आधी त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहू.’

पिपलानीकर
२८ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

काका, एका वाक्याची भर घालाल? त्या रात्री स्टेशनवर गुलाम दस्तगीर नावाचे उपस्टेशनअधीक्षक होते. त्यांनी उभी असलेली गाडी वेळेआधी सोडून दिली आणि स्वतः थांबले. मुलांना कळू दे की त्या रात्री कोणीतरी दुसऱ्यासाठी उभंही राहिलं होतं. आणि पत्रकार राजकुमार केसवानी दोन वर्षं आधीपासून आपल्या छोट्याशा साप्ताहिकात लिहून सावध करत होते. हे सातवीला सांगा, सहावीला नाही सांगितलं तरी चालेल.

तेजू
२८ नोव्हेंबर, सकाळी ९:००

अवांतर: मला भोपाळला जायचंय. त्या जागा बघता येतात का?

पिपलानीकर
२८ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

ये की. कारखान्यासमोर जेपी नगरला आई आणि बाळाचा पुतळा आहे, रूथ वॉटरमन नावाच्या डच बाईंनी १९८५ मध्ये केलेला. ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालय आहे, २०१४ पासून. तिथे टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला की वाचलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. सकाळी आधी माझ्याकडे पोहे-जिलेबी खा, मग जा. रिकाम्या पोटी ते ऐकवत नाही.

अवंती_डों
२ डिसेंबर, रात्री ८:३५

झालं. सविस्तर लिहिते.

परिपाठात काकांचा मजकूर सातवीतल्या मुलीने वाचला. ‘दूध आलं नाही’ला मैदान एकदम गप्प झालं. दोन मिनिटं संपूनही पहिलीची मुलं उभीच होती, त्यांना बसा म्हणून सांगावं लागलं.

मग सहावी-सातवीचा सराव. प्रत्येकाने नळावर आपला रुमाल भिजवला, पिळला, नाकातोंडावर धरला. मैदानावरचा ध्वज कुठे फडकतोय ते बघून वारा ओळखला आणि वाऱ्याला आडवं चालत गेटपर्यंत गेले. दुसऱ्या फेरीत वर्गात आत थांबायचं, खिडक्या लावायच्या, फटीत ओढण्या-टॉवेल. मस्ती झाली, रुमालांची फेकाफेकी झाली, दोघं भिजली. वरिष्ठ उभ्या होत्या, तिसऱ्या मिनिटाला त्यांनीही रुमाल भिजवून नाकाला लावला. कोणी रडलं नाही. गोधडीताई, मी मुद्दाम बघत होते.

शेवटी एका मुलाने हात वर केला. ‘बाई, आपल्या एमआयसीडीचा भोंगा कसा वाजतो?’ (तो एमआयडीसीला एमआयसीडीच म्हणतो.) मला सांगता आलं नाही. एकवीस वर्षं या गावात राहते, मला सांगता आलं नाही. मी वर्गाला तसंच सांगितलं. तेव्हा मुलांनीच ठरवलं की पत्र लिहायचं. मृणालताईंनी दिलेलं कलम घालून मजकूर केलाय: आमच्या शाळेजवळ कोणती रसायनं साठवलेली आहेत, भोंगा कसा वाजतो, वाजला तर आम्ही काय करायचं. त्रेपन्न सह्या झाल्या. दोन सह्यांवर पाणी सांडलंय, मी तशाच ठेवल्या. उद्या देते.

नांदिवलीकर
२ डिसेंबर, रात्री ८:५०

रविवारी सकाळी दहाला आमच्या गच्चीवर, बाई. साठच्या साठ घरांना निरोप गेलाय. रुमाल आणि बादल्या तयार ठेवतो.

रसायनीकर
२ डिसेंबर, रात्री ९:०५

रविवारी मीही येतो. लोकल पकडून पोचतो. पत्राचं उत्तर आलं की इथे टाका, वाचायला मदत लागली तर मी आहेच.

पिपलानीकर
२ डिसेंबर, रात्री ११:२०

आत्ताच मशाल मोर्चातून आले. हातांना अजून रॉकेलचा वास आहे. दूधवाल्या काकांचा धाकटा मुलगा भेटला. तो त्या रात्री दोन वर्षांचा होता, काकांनी त्याला ओल्या गोधडीत गुंडाळलं होतं. का गुंडाळलं ते काकांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. मी त्याला मोबाइलवर अवंतीताईंचा प्रतिसाद दाखवला. त्याला मराठी येत नाही. म्हणाला, दीदी, पढ़ के सुनाओ. पुतळ्यापाशी उभं राहून मी एकेक वाक्य हिंदीत करून सांगितलं. रुमाल भिजवल्याचं आलं तेव्हा त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं.